किनाऱ्याची थंडी धुळ्याहून निघते

नाना, थंडी आली! आली म्हणजे काय, दार ढकलून घरात घुसली, माझ्या खुर्चीत बसली आणि वर मलाच म्हणाली, आबा, जरा सरका. देवपुरातल्या कुत्र्यांनी भुंकणं सोडलंय, तोंड उघडलं की आत वारा जातो म्हणून. काल आंघोळीला पहिला तांब्या अंगावर ओतला, तर पाणी खाली उतरायलाच तयार होईना. खांद्यावर बसून राहिलं. आणि पाणी तापवलेलं होतं, हे लक्षात घे.

बरं बरं, डोळे वटारू नकोस. तुला जाऊन आज वीस दिवस झाले, तरी मी काही वाढवून बोललो की तुझे ते डोळे मला दोन गच्च्यांमधल्या कठड्यावर दिसतात. "आबानं ऐकायचं आणि दहातले नऊ सोडून द्यायचे," असं तू सगळ्या गल्लीला शिकवून ठेवलं होतंस. मी नरडाण्याच्या स्टेशनावर पहाटेच्या थंडीत माझी सावली प्लॅटफॉर्मला कशी चिकटली आणि ती टिकावाने कशी सोडवावी लागली हे सांगत होतो, तेव्हा बाकीचे हसले. तू एकट्याने विचारलंस, "टिकाव कोनाकडून आनला?" मी म्हटलं, गँगमनकडून. तू म्हणालास, "मंग ठीक शे. टिकाव खरा धरू." माझ्या प्रत्येक थापेतला एवढासा खरा भाग शोधून तू तो हातात घेऊन बघायचास. असा श्रोता मला दुसरा मिळाला नाही, आणि एस.टी.त कंडक्टर म्हणून मी चौतीस वर्षं श्रोत्यांतच काढली.

पण धुळ्याच्या थंडीत तुला कधी रस नव्हताच. तुला चिंता किनाऱ्याची. वैशालीला रत्नागिरीकडे शाळेत नोकरी लागली, तिथल्याच खाडीकाठच्या आंबेवाल्या घरात तिचं लग्न झालं, आणि त्या दिवसापासून इकडे तिच्या बापाने अख्ख्या कोकण किनाऱ्याच्या हिवाळ्याचा मक्ता घेतला. समुद्र तू आयुष्यात दोनदा पाहिलास. एकदा तिच्या लग्नात आणि एकदा नातू झाला तेव्हा. त्यातही दुसऱ्यांदा चष्मा घरी विसरला होतास.

तुझं म्हणणं साधं होतं. हापूसला मोहोर फुटायला थंडी लागते. ती थंडी समुद्र देत नाही, ती उत्तरेकडून येते. सातपुडा उतरते, तापी ओलांडते, धुळ्यात मुक्काम टाकते आणि तीन दिवसांनी घाट उतरून किनाऱ्याला पोचते. "आबा, किनाऱ्याची थंडी धुळ्याहून निघते. तू कंडक्टर, तुले कळाले पाहिजे. डेपो आपला शे."

आणि त्यासाठी तुझं ते यंत्र! भडगावच्या शाळेतल्या प्रयोगशाळेत तू तीस वर्षं काचेच्या नळ्या धुतल्यास आणि निवृत्त होताना हेडमास्तरांकडून मागून काय आणलंस, तर एक तपकिरी काचेची बाटली. तीत खोबरेल. तेही बाजारातलं चालायचं नाही, व्याह्यांच्या, म्हणजे तात्यांच्या, बागेतल्या नारळाचं. "किनाऱ्याचा अंदाज सांगायचा तर तेल किनाऱ्याचं पाहिजे." मी म्हटलं, मग नागपूरचा सांगायला संत्री टांगशील का? तू विचारात पडलास. खरोखर पडलास. मला भीती वाटली, हा टांगतो की काय!

संध्याकाळी चुलीपाशी ठेवून तेल पातळ करायचं, बाटली रात्रभर गच्चीच्या कठड्यावर उघडी ठेवायची आणि सकाळी सहाला तीत खराट्याची काडी टेकवायची. बुडाली तर अजून वेळ आहे. कलली तर तयारी चालू. ताठ उभी राहिली, आणि अशी लागोपाठ तीन सकाळी राहिली, तर किनाऱ्याला फोन. फोनवर तू फक्त दोन शब्द बोलायचास, "तात्या, निघाली." तिकडे तात्या लगेच फवारणीला माणसं लावायचे, कारण मोहोर फुटायच्या आत औषध बसलं नाही तर तुडतुडे कोवळा मोहोर शोषून टाकतात. तुझ्या त्या काडीवर खाडीकाठच्या दीडशे झाडांचं वर्ष उभं असायचं. दीडशे हा आकडा खरा आहे. वैशालीला विचार.

यंदा मात्र काडी रोज बुडत होती. आभाळ दाटलेलं, स्वेटर पेटीत, डिसेंबर लागला तरी पंखे चालू. जो तो सांगत होता, समुद्र तापलाय, किनाऱ्याला यंदा हिवाळा नाही. तू खाटेवर होतास. डॉक्टरांनी जिना चढायला बंदी केलेली, म्हणून बाटली मी तुझ्या उशाशी आणून दाखवायचो. तू काडी बुडताना बघायचास आणि म्हणायचास, "येईल. उशिरा येईल, पन दाबून येईल. आभाळ फाटू दे."

मी म्हटलं, नाही येणार.

"संक्रांतीच्या आत."

नाही येणार, नाना. पैज लाव.

"कशाची?"

माझ्या मिशीची. थंडी आली तर मिशी काढतो.

तू म्हणालास, "तुनी मिशी घेऊन मी काय करू?" आणि हसलास, आणि हसता हसता खोकलास, आणि वहिनींनी मला खोलीबाहेर काढलं. दारातून वळून बघितलं, तर तू खाटेवरून हात वर केला होतास. मला वाटलं, उद्या बोलू म्हणतोयस. आपलं शेवटचं भांडण अशा रीतीने हवेवरून झालं, आणि ते मिटवायला तू थांबला नाहीस. तुझ्या बाजूने बोलायला मागे कोण राहिलं बघ. मी! ज्याची साक्ष धुळे डेपोतल्या कँटीनमध्येसुद्धा कुणी धरत नाही.

तुझं तेरावं झालं त्या दिवशीही ढग होते. दुसऱ्या दिवशी वैशाली सासरी गेली. जाताना बाटलीकडे बघून म्हणाली, "आबाकाका, नाना रोज ठेवायचे, तुम्ही ठेवाल?" मी म्हटलं, ठेवतो. मला वाटलं, पोरीच्या मनाला बरं. त्याच दुपारी आभाळ फाटलं. असं फाटलं की धुळ्यातून मला हिमालय दिसला. (एक सोड. लळिंगचा किल्ला दिसला.) रात्री वारा उत्तरेचा झाला, आणि सकाळी सहाला मी कठड्यावर काडी टेकवली.

ताठ.

नाना, मी ओरडलो. शेजारच्या तीन गच्च्यांवरची माणसं उठून बाहेर आली, चोर आला समजून. दुसऱ्या दिवशी ताठ. तिसऱ्या दिवशी इतकी ताठ की उपटायला जोर लावावा लागला. तिसऱ्या दिवशी साडेसहाला मी तुझ्या घरात, तुझ्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसून, तुझ्या फोनवरून तात्यांना फोन लावला. वहिनी समोर तांदूळ निवडत होत्या.

"तात्या, निघाली!"

तात्या म्हणाले, "कोण, आबा काय? कसली निघाली?"

"थंडी! काडी तीन दिवस उभी आहे. माणसं लावा. फवारणी करा."

"अहो, इथं मी बनियनवर बसलोय. घाम पुसतोय. गावात सगळे म्हणतायत यंदा मोहोर नाही, औषध फुकट घालवू नका."

"नाना म्हणाला होता, येईल म्हणून."

"होय, नाना म्हणाले होते." मग तात्या म्हणाले, "रागावू नका हां आबा. तुम्ही मला लग्नात सांगितलंत, भडगावला गिरणेकाठी इतकी थंडी की म्हशीच्या कासेपासून बादलीपर्यंत दुधाची कांडी झाली आणि ती तुम्ही काखेत मारून घरी आणलीत."

"ते वेगळं."

"आणि नाना देवमाणूस, पण त्यांचाही अंदाज चार वर्षांमागे साफ चुकला होता. तुडतुड्यांनी झाडं काळी पडली माझी. तेव्हापासून मी फोन घ्यायचो, हां हां म्हणायचो, आणि मनाला येईल ते करायचो. आता गेलेल्या माणसाबद्दल वाईट कशाला बोला."

नाना, आता ऐक. हे तुला सांगायला मला चार हिवाळे होते. आपल्या दोन गच्च्यांमध्ये कमरेएवढा कठडा, रोज सकाळी सहाला आपण समोरासमोर, आणि मला ते जमलं नाही. शेवटी सांगितलं ते तात्यांना, फोनवर, वहिनींच्या समोर.

त्या वर्षी आपण शेतात भरीत केलं होतं, आठवतं? कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी, कळण्याच्या पुऱ्या, आणि तू सगळ्यांना काडीचं शास्त्र समजावत होतास. तासभर! वांगी थंड झाली तरी तुझं तेल गोठत होतं. मला खुमखुमी आली. शेंगदाण्याचं तेल उरलं होतं, ते घरी घेऊन आलो आणि संध्याकाळी कठड्यावरून हात घालून तुझ्या बाटलीतलं खोबरेल काढून त्यात ते भरलं. काच तपकिरी, रंग कळायचा नाही. वास तुला यायचा नाही, हिवाळ्यात तुझं नाक बंद असायचं. शेंगदाण्याचं तेल तेवढ्या थंडीत कुठलं गोठायला! ठरवलं होतं, सकाळी तुझी काडी बुडेल, तुझा चेहरा बघू, हसू, चहा पिऊ.

आणि पहाटे भडगावहून निरोप आला, बहिणीच्या घरी आजारपण आहे, लगेच ये. मी गेलो. तीन आठवडे तिकडे. बाटली डोक्यातून पार गेली.

ते तीन आठवडे धुळे गारठलं होतं. आणि तू? तू दोन स्वेटर, मफलर, कानटोपी घालून गच्चीवर उभा राहायचास, दात वाजायचे, आणि काडी बुडायची. कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, बाटलीत काही बिघडलंय. तू बाटलीवर शंका घेतली नाहीस. स्वतःवर घेतलीस. तू वहिनींना म्हणालास, "थंडी नाही शे. मलेच वाजी ऱ्हायनी. म्हातारपन आलं वाटतं." आणि तात्यांना फोन केलास की यंदा थंडी निघालेली नाही, घाई करू नका.

मी परत आलो तेव्हा किनाऱ्याला थंडी पोचून मोहोर फुटला होता, औषध नसल्यामुळे तुडतुड्यांनी खाल्ला होता, आणि तू कठड्यापाशी बाटली धूत बसला होतास. मी म्हटलं, काय झालं? तू म्हणालास, "मना हात गेला आबा, मना अंदाज गेला." मी तेव्हा तोंड उघडलं होतं. देवाशप्पथ उघडलं होतं. त्यातून बाहेर काय पडलं, तर नरडाण्याच्या एका माणसाची गोष्ट, ज्याच्या विहिरीतलं पाणी थंडीने वर उडी मारून उन्हात बसायचं. तू हसलास. इतका मनापासून हसलास की पुढे मला काही बोलताच आलं नाही. पुढच्या हिवाळ्यापासून तू तात्यांना स्वतः फोन करणं कमी केलंस, वैशालीलाच सांगायचास, आणि शेवटी जोडायचास, "माझं ऐकाच असं नाही."

हे सगळं मी तात्यांना सांगितलं. काही न वाढवता. नाना, माझ्या आयुष्यातली ही पहिली गोष्ट जी सांगताना मला घाम फुटला, आणि तो त्या थंडीत फुटला, हेही खरं आहे.

वहिनींचा तांदूळ निवडणारा हात थांबला होता. फोन माझ्या कानाला असतानाच त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चार वर्षं मी त्यांना दोन गोधड्या घालत होते. गच्चीवर जाऊ नका म्हणायचे. म्हातारे झालात म्हणायचे." मग तांदळातला एक खडा वेचून म्हणाल्या, "ते ऐकायचे माझं. खाली यायचे."

नाना, माणसं वयाने म्हातारी होतात तसा तू झाला नाहीस. तुला मी म्हातारा केलं, पावशेर शेंगदाण्याच्या तेलात.

तात्या फोनवर होते अजून. मला वाटलं, शिव्या देतील. द्यायला हव्यात. चांगल्या कोकणी शिव्या, नारळ सोलावा तशा. पण ते म्हणाले, "चार वर्षं मी त्या माणसाशी हां हां करत होतो." मग आवाज बदलला. "आबा, एकच विचारतो. काडी उभी होती, की उभी असल्यासारखी होती?"

"उभी होती."

"पालवी वगैरे फुटली नव्हती ना तिला?"

"नाही तात्या. नुसती उभी. खराट्याची काडी. तीन सकाळी."

त्यांनी फोन बाजूला केला असावा, कारण पुढचं मला लांबून ऐकू आलं. "वैशाली! पंप काढायला सांग. होय, सगळी बाग. होय, आज. कोण काय म्हणायचंय ते म्हणू दे, नानांचा निरोप आलाय!"

फोन बंद झाला. वहिनींनी चहा ठेवला. माझ्यासाठी ठेवला की नाही हे कळेना, म्हणून मी बसून राहिलो. दोन कप आले. दुसऱ्यात साखर नव्हती. मी निमूट प्यायलो. तू असतास तर म्हणाला असतास, स्वस्तात सुटलास.

पुढचे तीन दिवस, नाना, माझा पाय एका जागी ठरला नाही. दर दोन तासांनी वैशालीला फोन. "काय गं, काही?" "नाही काका, उकडतंय." पुन्हा, "आता?" "काका, मी वर्गात आहे." पहिल्या दिवशी नाही. दुसऱ्या दिवशी नाही. मनात येऊ लागलं, मी आता दुसऱ्यांदा यांची बाग बुडवली, आणि यावेळी तुझं नाव घेऊन. मी स्टँडवर जाऊन नाशिककडून येणाऱ्या गाड्यांच्या ड्रायव्हरांना विचारायचो, घाटात थंडी दिसली का? कुठवर पोचली? एक नवीन ड्रायव्हर म्हणाला, "आबा, काही सामान पाठवलंय का तुम्ही?" मी म्हटलं, हो बाबा, पाठवलंय.

आज सकाळी माझाच फोन वाजला. तात्यांचा. साडेसातला.

"आबा! अहो, पोचली! पहाटे उठलो तर फरशीला पाय लाववेना. खाडीवर धुकं. बाग नुसती गारढोण. वैशालीने पोराला तुमच्याकडची कानटोपी घातलीय, शाळेत हसतील त्याला! आणि वरच्या अंगाच्या झाडांच्या फांद्यांचे डोळे सुजायला लागलेत हो, आठवड्यात मोहोर बाहेर पडतो बघा. शेजारचे आता धावतायत औषधाला. मला विचारतात, तात्या, तुम्हाला कुणी सांगितलं? मी काय सांगू त्यांना?"

मी अजून गच्चीवरच होतो. हातात बाटली होती, काडी होती, समोर तुझा रिकामा कठडा होता. वारा असा की डोळ्यांतून पाणी येत होतं. (त्यातले नऊ वाऱ्याचे धर.) जिभेवर एक नाही, वीस गोष्टी आल्या. धुळ्याला एक माणूस होता, जो थंडीला तिकीट फाडून द्यायचा. ज्याने खिडकी लावली की सातपुड्याला शिंक यायची. एकेक अशी रंगवली असती की तात्यांचे शेजारी पिढ्यानपिढ्या सांगत बसले असते.

मी म्हटलं, "सांगा, धुळ्याच्या नानांनी सांगितलं. आणि त्या वर्षीही त्यांचं बरोबरच होतं. त्यांच्या अंगाला थंडीच वाजत होती."

तात्या म्हणाले, "एवढंच सांगू?"

मी खूप शोधलं, नाना. यात घालण्यासारखं माझ्याकडे काही निघालं नाही.

"एवढंच सांगा," मी म्हटलं.